पंधरा ग्रॅम

शटर अर्धं वर गेलं होतं तेव्हाच ती आली,
देवबागच्या पहिल्या एसटीनं,
दप्तराला वाळू, वेणीला वास
सुकत घातलेल्या बांगड्यांचा.
"काका, ती लाल टोपणाची ट्यूब आसा?"

मी वळून पाहिलंही नाही, नुसता हात मागे नेला.
कुठल्या खणात काय, ते हाताला पाठ आहे.
चिठ्ठी मागितली नाही.
मालवण बाजारपेठेत माझं तिसरं दुकान,
भिंतीवर परवाना, फ्रेमच्या काचेला उदबत्तीची काजळी.
एकोणऐंशी रुपये.
तिनं नोटा दिल्या, मऊ, ओलसर,
बहुतेक आईच्या कनवटीच्या.

ट्यूबवर एक उभी लाल रेघ असते.
तिच्या बाजूला मुंगीएवढ्या अक्षरांत:
डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नये.
ती अक्षरं गिऱ्हाइकासाठी नसतात.
ती माझ्यासाठी असतात.

नाव केतकी. केतकी कुबल, दहावी ब.
बारशाला कुणीतरी आशेनं ठेवलं असणार.
स्नेहसंमेलनाच्या नाचात तिला मागच्या रांगेत उभी केली,
हे मला फार उशिरा कळलं.

तिसऱ्या ट्यूबच्या वेळी मी विचारलं, कुणासाठी गो?
"आवशीक व्हयी. हातावर चट्टे इलेत."
खोटं बोलताना तिनं गाल पुसला.
गाल खरंच उजळला होता,
आणि मी म्हणालो (हे लिहायलाच हवं)
"बरी दिसतंस हां."

त्याच दिवसांत तारकर्लीहून एक परदेशी बाई यायची,
नाकाची साल निघालेली, खांदे शिजलेल्या कुर्लीसारखे,
कोरफडीचं जेल मागायला.
मोडक्या हिंदीत सांगत होती:
आमच्याकडे ऊन कमी,
म्हणून शाळेतल्या पोरी दिव्यांच्या पेटीत झोपतात,
झाकण ओढून घेतात,
तांबूस व्हायला.
तिची बहीणही झोपायची, सोळाव्या वर्षापासून.
मग पाठीवरचा एक तीळ कापला,
मग तिळाभोवतीचं मांस,
मग...
पुढचा हिंदी शब्द तिला सापडेना.
मला माहीत होता. मी दिला नाही.
मी सुटे पैसे दिले.

काउंटरच्या दुसऱ्या टोकाला केतकी उभी होती,
पाचव्या ट्यूबसाठी.
दोघी एकमेकींच्या हातांकडे बघत होत्या.
किती वेळ, कोण जाणे.
पंखा फिरत होता. कुणी काही बोललं नाही.

मे महिन्यात तिची आई आली, तिला घेऊन.
ओढणी बाजूला केली.
कांद्याच्या आतल्या पापुद्र्यासारखी कातडी,
खाली शिरांचं लाल जाळं, कुठल्याही होडीवर नसेल इतकं बारीक,
हनुवटीवर राठ लव.
उन्हात पाऊल टाकलं की तोंडाची आग.
मासळी राखायला आता धाकटा भाऊ बसतो,
कावळे त्याला जुमानत नाहीत.
आई भांडायला आली असती तर बरं झालं असतं.
ती एवढंच म्हणाली,
"तुमी दिलास म्हणान माका वाटला, औषधच असतला."

औषधच होतं, बाई.

ओरोसच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, हळूहळू सोडवू,
एकदम थांबलं तर आणखी पेटेल,
वर्ष लागेल, कदाचित जास्त.
मी उरलेल्या ट्यूबा परत पाठवल्या.
एजंट हसला. दहावर एक फुकट होती, म्हणाला, आणि तुम्ही...

काल एक पोरगा आला, मिसरूड नुकतं फुटलेलं,
मोबाईलवर फोटो दाखवत, "ही आसा?"
मी चिठ्ठी मागितली.
तो पुढच्या दुकानात गेला.
पुढचं दुकान वीस पावलांवर आहे.

केतकी येते ऊन कलल्यावर, टोपी घालून.
न मागता चिठ्ठी पुढे सरकवते.
मी चष्मा लावतो,
खोक्यावरची बारीक अक्षरं मोठ्यानं वाचतो,
पहिल्यापासून शेवटपर्यंत.
ती ऐकत नसते.
ती बघत असते रस्त्याकडे,
कुठवर सावली आली ते.